आमच्या घरची लाईट सगळ्यात उशिरा येते

घरात बल्ब उडाला की आमच्याकडे एक किस्सा तयार होतो. दुसऱ्यांच्या घरी वायरमन येतो, काम करून जातो, विषय संपला. आमच्याकडे अण्णा आहेत, माझे वडील. भूगोल शिकवून रिटायर झालेले, पण हातात टेस्टर आला की ऐकत नाहीत कुणाचं.

*

मूळ किस्सा हदगावचा. अण्णांची पहिली नोकरी, नवं लग्न, भाड्याची खोली. अण्णांनी मेन स्विच बंद केला, होल्डर उघडला आणि असा झटका बसला की स्टुलावरून थेट मालकाच्या कापसाच्या ढिगावर. त्यांनी बंद केलेला मेन मालकाच्या घराचा होता. आई दारात उभी होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं.

तेव्हापासून अण्णांचा मेनवर भरवसा नाही. "मेन बंद केला की माणूस गाफील होतो," ते म्हणतात. "सगळ्या गल्लीची लाईट गेली, की मगच वायरला हात लावायचा. मेनकडं जायचंच न्हाई कुणी."

*

पुढं निलंग्यात स्वतःचं घर झालं, तरी नियम तोच. लाईट गेली की अण्णा आधी समोरच्या पिठाच्या गिरणीकडे कान लावतात. गिरणी बंद म्हणजे लाईट खरंच गेली. मग एकाला दारात उभं करायचं, गिरणी सुरू झाली की त्यानं ओरडायचं. आई मात्र थांबत नाही. "मला न्हाई बघवत. मी चहा ठेवते," म्हणून आत जाते.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत दाराची बेल बिघडली. एरवी रोज जाणारी लाईट तेव्हा जाईचना. आमची बेल मतदान होईपर्यंत तशीच. पाहुणे कडी वाजवून दमायचे आणि अण्णा म्हणायचे, "काय करू, लाईट जाऊन नाही राहिली."

*

आता फेजची भानगड. अण्णा काम करताना लाईट आली तर गल्लीत सगळ्यांकडे येते, आमच्याकडे थोडी उशिरा. दरवेळी. अण्णांनी यावर अभ्यास केला आणि ठरवलं, आपली फेजच आळशी आहे.

लाइनमनला पकडून आणलं. तो बिचारा खांबावर चढला, उतरला, घाम पुसत म्हणाला, "सर, एकाच खांबावरून हाय की सगळ्यांची. तुमाला उशिरा कशी येईल?"

"ते तू सांग. भूगोल माझा विषय, लाईट तुझा."

लाइनमन तेव्हापासून आमच्या गल्लीत मान खाली घालून जातो.

*

आणि हा परवाचा. हॉलमधला छताचा लाईट गेला. मी नांदेडहून नवा गोल एलईडी घेऊन आलो आणि आल्या आल्या सांगितलं, वायरमनला बोलावतो. अण्णांचे हात हल्ली थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजतो. असा माणूस स्टुलावर उभा राहून उघड्या वायरी धरणार म्हटल्यावर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मी मेलो का?" अण्णा म्हणाले.

"मरू नये म्हणूनच म्हणतोय," मीही बोललो. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एलईडीचं खोकं उघडायला बसलो.

दुपारी लाईट गेली. गिरणी थांबली. अण्णा स्टुलावर. आई चहा ठेवायला आत. मी दारात, पण दारात कसला, दोन पावलं बाहेर, दोन पावलं आत, एक डोळा गिरणीवर, एक अण्णांच्या हातावर. जुना लाईट उतरला. अण्णांनी वायरीची टोकं दातांनी सोलली. नव्या लाईटला वायर जोडायला त्यांनी टोक बोटात धरलं, आणि समोर गिरणी घरघरायला लागली.

"अण्णा, आली! सोडा ती वायर!"

अण्णांनी वायर सोडली नाही. पीळ देत निवांत म्हणाले, "ओरडू नको. आपल्या फेजला अजून यायचीय."

मी नियम गेला खड्ड्यात म्हणून मेन बंद करायला आत पळालो. स्वयंपाकघराच्या दारामागे, मेन स्विचपाशी, आई उभी होती. मेन आधीच बंद होता, खटका खाली आणि त्यावर तिचा हात. गॅस पेटवलेलाच नव्हता.

"उतरले का?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई."

"मग थांब."

आम्ही दोघं तिथंच थांबलो. बाहेर गिरणी चालूच होती. जरा वेळानं हॉलमध्ये स्टूल सरकवल्याचा आवाज आला. आईनं खटका वर केला.

हॉलमधून अण्णांचा आवाज आला, "बघ, आली का न्हाई आपल्या फेजला?"

"हाव, आली," आई म्हणाली, आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.