माझं यान आणि चेअरमनसाहेबांचा शब्द

आधी चहा ओता आणि कप माझ्या हातात द्या. नंतर द्याल की नाही, शंकाच आहे. कारण मी काय शेण खाल्लं ते ऐकलंत की तुम्ही विचारणार, या माणसाला विज्ञानाचा मास्तर केला कुणी? बरोबर आहे तुमचं. मीही विचारतो कधीकधी.

पलूसजवळच्या एका हायस्कुलात मी नोकरीला होतो. अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरून दोनेक वर्षं झाली असतील. नोकरी टेंपररी. जूनला ऑर्डर मिळायची, एप्रिल संपला की साताऱ्याला आईच्या हातचं खायला मोकळा! तिकडे शिराळ्याला माझं लग्न जुळत आलं होतं. मुलगी पसंत, पत्रिका पसंत, पण मुलीच्या वडिलांचं एकच पालुपद, "आधी परमनंट व्हा, मग सुपारी फोडू."

आता परमनंट होणं काय माझ्या हातात होतं? ते होतं संस्थेच्या चेअरमनांच्या, म्हणजे अण्णासाहेबांच्या हातात. गावात शाळा त्यांची, सोसायटी त्यांची, आणि पाऊस पडला तर तोही त्यांनीच पाडला असं सांगणारी चार माणसं कायम मागं उभी.

मला नाद एकच, रॉकेट उडवायचा. पुठ्ठ्याची लांब नळी, सुताराकडून कोरून घेतलेलं पांगाऱ्याच्या लाकडाचं टोक, खाली तीन पंख. पोटात जत्रेचं दारूकाम करणाऱ्या कारागिराकडून भरून आणलेली नळी. वर गेलं की टोक फटकन सुटायचं, आतली पॅराशूटची छत्री उघडायची आणि रॉकेट अलगद खाली यायचं. अहो, वर काय कुणीही उडवेल! धड खाली आणणं, ती खरी कला.

दारूच्या नळ्या सादळू नयेत म्हणून मी त्या पत्र्याच्या डब्यात, भाताच्या तुसात पुरून, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायचो. तेव्हापासून आमचे हेडसर प्रयोगशाळेवरून जाताना बिडी विझवून जायचे.

एके दिवशी अण्णासाहेब शाळा बघायला आले आणि नेमके कपाटापाशी थांबले.

"मास्तर, ह्ये काय?"

"रॉकेट आहे साहेब."

"त्या अमेरिकावाल्यांचं हाय, तसलं?"

इथं माझी जीभ घसरली. बोलून गेलो, "तत्त्व तेच साहेब. फक्त आकार लहान."

"म्हंजी जातंय?"

"जातं की!"

कुठं जातं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बस्स! पुढच्या रविवारी अण्णासाहेबांनी भर सभेत जाहीर केलं, "अमेरिकेनं केलं त्ये आपल्या शाळंनं केलंय! येत्या पुनवंला सकाळी धा वाजता आपलं यान चंद्रावर जाणार!"

पुनवेला सकाळी दहा वाजता आकाशात चंद्र असतो का? पण हे विचारायची कुणाची टाप?

मी धावत हेडसरांकडे गेलो. "सर, अहो हे चिंचेच्या झाडाच्या चौपट वर गेलं तरी डोक्यावरून पाणी!"

"हळू बोला. साहेबांनी शब्द दिलाय."

"पण सर, चंद्र..."

"चंद्राचं चंद्र बघून घेईल. तुम्हाला परमनंट व्हायचंय ना? ऑर्डर टाईप झालीय, मी बघितलीय. साहेब स्टेजवरच देणार आहेत." मग त्यांनी दार लोटून घेतलं. "फक्त एक करा. ते खाली येता कामा नये."

"सर?"

"अहो, चंद्रावर गेलेलं यान आपल्या ग्राउंडवर पडलं तर कसं दिसेल? ती छत्री काढून टाका. पलीकडच्या उसात दगडासारखं पडू दे. मी शिपायाला पोतं घेऊन उसात बसवतो."

म्हणजे बघा! जगात सगळेजण यान सुखरूप परत यावं म्हणून धडपडतात. आमच्याकडे ते परत येऊ नये म्हणून शिपाई उसात बसवला!

आदल्या दिवशी दुपारी छत्री काढायला बसलो. आईच्या विरलेल्या लाल इरकलीचं रेशीम होतं ते. तीन आठवडे एकेक टाका घालून मी हातानं शिवलेलं. माझा हात धजेना हो! म्हटलं, वारं तर रोज उसाकडंच असतं, छत्रीसकट उसात जाईल, कुणाला कळतंय? घडी करून परत टोकात कोंबली आणि हेडसरांना खुशाल सांगितलं, "काढली."

पुनवेला शाळेच्या ग्राउंडवर ही गर्दी! लोक बैलगाड्या जोडून, भाकऱ्या बांधून आलेले. बँड होता. यानाला हळदकुंकू झालं, नारळ फुटला. अण्णासाहेबांनी यानाच्या गळ्यात घातलेला झेंडूचा हार मी हळूच काढून ठेवला. एका आजीनं तर चांदोबाला द्या म्हणून खडीसाखरेची पुडी आणली होती. ती मी खिशात टाकली. दुसरं काय करणार?

अण्णासाहेबांनी बॅटरीचं बटण दाबलं आणि सूंऽऽ करून ते असं गेलं, असं गेलं, की मीच आ वासून बघत राहिलो! इतकं वर ते बापजन्मात गेलं नव्हतं. थेट सूर्याच्या तोंडावर गेलं आणि दिसेनासंच झालं. गर्दी बेभान. बँडवाले ज्याला जे येतं ते वाजवायला लागले.

अण्णासाहेबांनी माईक धरला. "बंधूभगिनींनो! आपल्या यानानं पृथ्वीची हद्द वलांडल्याली हाय! सोमवारपातूर पोचंल!" आणि कोटाच्या खिशातून ऑर्डर काढली. "ह्या आपल्या मास्तरास्नी..."

मी हात पुढं केला. कागद बोटाला लागला सुद्धा.

तेवढ्यात गर्दीच्या माना हळूहळू वर व्हायला लागल्या. मी वर बघितलं. लाल छत्री! त्या दिवशी वारं नेमकं उलटं, उसाकडून आमच्याकडं. आणि त्या नालायकाला काडीची घाई नव्हती. डुलत डुलत, गावाला दर्शन देत येत होतं. छत्री इतकी सुंदर उघडली होती म्हणून सांगू, एरवी मी नाचलो असतो!

"काढली म्हणाला होतात ना?" हेडसर माझ्या कानाशी दात खाऊन म्हणाले.

यान स्टेजसमोर टेकलं. छत्री पहिल्या रांगेतल्या सुभेदारांच्या मांडीवर पसरली. पलटणीतून पेन्शनीत आलेला हा म्हातारा, हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं.

"आं? येवढ्यात जाऊन आलं व्हय?"

संपलं, म्हटलं. नोकरी गेली, शिराळा गेलं. पण चेअरमन उगाच होत नसतात. अण्णासाहेबांनी शांतपणे घड्याळ बघितलं आणि माईकवर गरजले, "गेलं बी आणि आलं बी! अमेरिकावाल्यास्नी आठ दिस लागलं. आपल्याला किती? तीन मिन्टं!"

टाळ्यांचा कडकडाट. पण सुभेदार उठून उभे राहिले.

"टाळ्या ऱ्हाऊ द्या. अण्णा, तुमी नगा बोलू. मास्तर शिकल्याला मानूस हाय. मास्तर, तुमी सांगा. ह्ये खरंच चंद्रावर जाऊन आलं?"

माईक माझ्यासमोर आला. खाली बस्करावर माझा अख्खा वर्ग बसलेला, डोळे माझ्याकडं. बाजूला अण्णासाहेबांच्या चिमटीत ऑर्डर, अर्धी त्यांच्याकडं, अर्धी माझ्याकडं. मला लाज वाटली हो, खरंच वाटली. साधारण एवढा वेळ वाटली, की एक घोट चहा पिऊन व्हावा.

"होय," मी म्हणालो. "जाऊन आलं."

अण्णासाहेबांनी कागद सोडला.

लग्न झालं. त्याबद्दल तक्रार नाही, हा चहा तिनंच केलाय. पण पुढं सहामाही परीक्षा आली. पेपर मीच काढलेला, आणि दर वर्षीच्या सवयीनं प्रश्न घातलेला, 'पृथ्वीपासून चंद्र किती दूर आहे?'

पहिला पेपर उघडला. 'जाऊन-येऊन तीन मिनिटे.' दुसरा उघडला. 'जाऊन-येऊन तीन मिनिटे.' एका शहाण्यानं तर पुढं लिहिलेलं, 'वारा उलटा असल्यास लवकर.' काय करणार? चूक म्हणावं तर घरोघर विचारणार, मग मास्तर माईकवर काय बोलला? सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.

शेवटी एक पेपर उरला, सुभेदारांच्या नातीचा. तिनं एकटीनं पुस्तकातलं अंतर लिहिलं होतं. मैलांत. अगदी बरोबर.

मी लाल पेन्सिल हातात घेतली. हिचं बरोबर धरलं तर बाकी सगळा वर्ग चूक, आणि वर्गाच्या आधी मी. मग त्या उत्तरावर फुली मारली आणि शेजारी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला, 'प्रत्यक्ष पाहिलेलेच लिहावे.'