कॉम्प्युटरला पाजलेलं पाणी

गेल्या एप्रिलातल्या एका रविवारी, पत्नी महादेवी आणि मुलगी पूर्वा यांच्या देखत, तीन हजार दोनशे रुपये खर्चून मी आमचा चालू कॉम्प्युटर बंद पाडला.

म्हणजे, वेगवान केला. जुनी हार्ड डिस्क काढली आणि सगळी माहिती नव्या एसएसडीवर (खिशातल्या डायरीएवढी चपटी डबी) उतरवून ती बसवली. अशा दोन घेतल्या होत्या. एक हाताशी असावी म्हणून. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मला शिल्लक लागते.

दोन दिवस कॉम्प्युटर पळाला. तिसऱ्या दिवशी निळा पडदा आणि त्यावर रडकं तोंड!

महादेवी घरी शेंगाचटणी करून विकते. मोहोळच्या एका लग्नासाठी दोनशे पुड्या शुक्रवारी संध्याकाळी जायच्या होत्या आणि त्यांवरची वधूवरांच्या नावांची, आधीच्या आठवड्यातच करून ठेवलेली लेबलं त्या पडद्यामागे अडकली होती. नवरदेवाच्या वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "वैनी, लेबल नसंल तर पुड्या तुमच्याकडंच ठिवा."

"अहो, परवा जे नवीन बसवलंय तेच बघा की आधी," महादेवी म्हणाली.

"बघितलं! ती काढून दुसरीवर माहिती उतरवून ती लावली, तरी तोच निळा पडदा. म्हणजे डबी निर्दोष. याला पद्धतशीर तपास म्हणतात."

तपास पुढे सरकला. संशय आला व्होल्टेजवर. मी कूलर बंद केला. (एप्रिल. सोलापूर. अधिक काही लिहीत नाही.) मग फ्रीज बंद केला. दूध नासलं, पडदा निळाच. नवीन रॅम आणली, नवीन पॉवर सप्लाय आणला. रडकं तोंड आता मला ओळखू लागलं होतं!

गुरुवारी मला अर्थिंग सुचलं. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घालून पाणी ओतावं लागतं. मी ओतलं. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो आणि मी ओतला तो पिण्याच्या पाण्याचा पिंप होता, हे महादेवीच्या किंकाळीवरून कळलं.

"अय्यो! माणसांना प्यायला थेंब न्हाई आन् तुमी कॉम्प्युटरला पाणी पाजताय व्हय?"

"जमीन ओली झाली की करंट—"

"माझी दोनशे पुडी पडून राहू द्या, मग दाखवते करंट!"

शुक्रवारी दुपारी मी घरातलं वायरिंग बदलायला माणूस बोलावणार होतो. फोन शोधतोय तोवर महादेवीने कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढून पूर्वाच्या हातात दिली.

"ही लाव गं."

"ती संथ आहे!" मी ओरडलो.

"असू दे की. चालते तरी."

भाकरी भाजून होईपर्यंत त्या डिस्कने वेळ घेतला, पण कॉम्प्युटर सुरू झाला. कूलर सुरू, फ्रीज सुरू, पडदा निळा होईना. दोनशे लेबलं सुरळीत बाहेर आली.

"पण मी डबी बदलून बघितली होती!"

"बाबा," पूर्वा म्हणाली, "दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच खोक्यातल्या. नापास झालेल्या पोराचा पेपर तुम्ही त्याच्याच जुळ्या भावाकडून तपासून घेतलात!"

संध्याकाळी गाडी आली, पुड्या गेल्या. दुकानदाराने दोन्ही डब्या बिनतक्रार बदलून द्यायची तयारी दाखवली. त्याच खोक्यातून! मी नमस्कार केला आणि परत आलो.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीचे पाचशे रुपये दिले, ते महादेवीला, रोख. पावती मागितली तर तिने एक जादा लेबल छापून कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवलं: 'कोरड्या जागी ठेवावे. लहान मुले आणि घरधनी यांच्यापासून दूर.'