अष्टमीच्या लाटा

घरी कुणी पहिल्यांदा आलं की आक्का पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आणि विचारायच्या, "पवाया येतं का?" गाव, नातं, पाऊसपाणी हे सगळं नंतर. उत्तर ऐकून त्या माणसाची प्रत ठरवून मोकळ्या व्हायच्या. काही गुडघ्याएवढ्या पाण्यातली माणसं, काही कमरेएवढ्या आणि थोडी फळीची. मी लग्न होऊन मुळशीत आले तेव्हा माप ओलांडून आत येते न येते तोच मलाही त्यांनी तेच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "गुडघ्याची हाय. हुईल तयार," असं म्हणून त्या चुलीकडं गेल्या. माझी थोरली जाऊ मला भेटली ती अशी.

आक्कांचं माहेर घाटाखाली, श्रीवर्धनच्या अलीकडं, अगदी दर्याच्या काठाला. तिथली पोरं फळीवर पालथी पडतात आणि लाटेबरोबर सरसर किनाऱ्याला येतात, हे आम्हाला त्यांच्याच तोंडून कळलं. लहानपणी त्या यात पटाईत होत्या म्हणे. लग्नानंतर त्यांच्यामागून फणसाची एक गुळगुळीत फळी घाट चढून आली, आणि सासूबाईंनी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. दसरा झाला की आक्का त्या बरण्या खाली उतरवायच्या, फळीला खोबरेल चोळायच्या आणि म्हणायच्या, "औंदा माघात जायचं." पुन्हा एकदा लाटेवर पडायचं, एवढीच बाईची हौस. पण घरात सून असलं की एवढीशी हौससुद्धा किती जड होते, ते आमच्या पिढीच्या बायकांना सांगायला नको.

मामंजींच्या दोन अटी होत्या. एकटी बाई घाट उतरणार नाही, घरची सगळी माणसं बरोबर पाहिजेत. आणि जायचं ते मोड्याला धरून. आमच्याकडं अमावास्येला मोडा पाळायचे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, औत धरायचं नाही. शेजारीपाजारी मोकळे असतात, गुरांकडं बघायला माणूस मिळतं. पुढचा-मागचा दिवस कसाबसा निभावतो.

सगळ्यांना न्यायचं तर सगळ्यांना पाण्याची सवय पाहिजे. म्हणून दर मोड्याला आक्का आम्हाला धरणाच्या पाण्यावर हाकायच्या. महिनाभर राबून कंबर मोडलेली असायची, वाटायचं आज तरी पाठ टेकावी. माझे यजमान कुरकुरायचे, "वैनी, आज बैलं सुदिक बसल्यात." आक्का म्हणायच्या, "बैलांना कुटं दर्यावर न्यायचंय? उठा." कासोटा घट्ट करून त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या, एकेकाला फळीवर पालथं घालायच्या, हनुवटी वर धरायला लावायच्या. दोन वर्षांत मी कमरेला पोचले. मामंजी मात्र गुडघ्यालाच राहिले. त्यांना ते लागायचं, पण बोलायची सोय नव्हती.

दर्याचं आक्कांचं गणित चोख होतं. "पावसात दर्या कुनाचा न्हाई. दिवाळीला वर निवळल्यावानी दिसतो, पर खाली वढ आसती. पुसात पानी गार, चैतात वारं सुटतं. माघच बरा." त्यातही तिथी बघायची. अमावास्या-पुनवेला उधाण, लाट उचलून आपटते. अष्टमीला पाणी नरम, नवशिक्यांनी तेव्हाच जावं. आणि पाण्यात उतरायचा क्रमही ठरलेला. "आदी कच्ची मान्सं, पानी मऊ हाय तवर. मग कमरंची. फळीची सगळ्यात शेवटी, भरती फुगल्यावर." त्या स्वतः अर्थातच शेवटी.

घोडं अडलं ते इथंच. आमची मोकळीक अमावास्येला, आणि दर्याची अष्टमीला. दर माघात याच्यावरून वाद व्हायचा, आणि बरण्या परत फळीवर चढायच्या.

एका वर्षी मामंजी वैतागून म्हणाले, "मोडा हाय तर मोड्यालाच जाऊ. पानी ते पानी. त्याला काय तिथी कळती?" आक्कांनी बरण्या उतरवल्या. घाट पायी उतरलो, खाली एसटी धरली आणि अमावास्येला भर दुपारी दर्यापुढं उभे राहिलो. पाणी नारळीच्या वाडीला भिडलं होतं. यजमान हौसेनं पुढं गेले आणि तोंडभर वाळू घेऊन परत आले. मामंजींचं पागोटं गेलं ते गेलंच. मी म्हटलं, "आक्का, तुमी तरी जाऊन या." त्या म्हणाल्या, "कच्ची मान्सं काठावं टाकून मी कशी जाऊ? येकादं माज्या मागनं आलं मंजी?" कोरडी फळी डोक्यावर घेऊन त्यांनी पुन्हा घाट चढला. मामंजी मात्र होळीपर्यंत दर्यालाच शिव्या देत होते.

त्यानंतर काही वर्षं विषय निघाला नाही. मग एका दिवाळीत आक्कांनी जाहीर केलं, औंदा अष्टमीलाच जायचं. आणि मामंजींनी तोंड उघडायच्या आत त्यांनी कामाला हात घातला. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं टाकायची जमीन भाजायला, लागणारा पालापाचोळा एरवी माघभर गोळा व्हायचा, तो त्यांनी पौषातच रचून ठेवला. घरचा ठेवला, आणि शेजाऱ्यांचाही, म्हणजे अष्टमीला ते आमची गुरं बघतील. महिन्याभराचं भात कांडून ठेवलं. मी बरोबर असायची, पण त्यांच्या पुढं माझा काय निभाव लागणार? मी म्हणायची, "आक्का, जरा टेका." त्या म्हणायच्या, "दर्यावं टेकंन." त्या दिवसांत त्या रोडावल्या. जेवताना हातात घास तसाच राहायचा. मला काळजी वाटायची, पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की जास्त बोलवेना. मामंजींना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

अष्टमीला उन्हं कलली तेव्हा पाणी हळूहळू वर सरकत होतं, अगदी आक्का सांगायच्या तसं. त्या काठाशी उभ्या राहून ओरडायच्या, "ही सोड. ही बी सोड. ही घे!" आधी घरातली पोरं लाटेवर जाऊन आली. मामंजी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात फळीवर पालथे झाले, लाटेनं त्यांना किनाऱ्याला आणून टाकलं, आणि ते लहान मुलासारखे हसत बसले. मग थोरले दीर, म्हणजे आक्कांचे मालक, जाऊन आले, यजमान आले. माझी पाळी आली. लाट मागून आली, मला उचललं, आणि मी पुढं जातच राहिले. त्या सुखाला काय म्हणायचं ते मला आजही सांगता येत नाही.

वळून बघितलं तर आक्कांचा आवाज थांबला होता. भरती चांगली फुगली होती, दिवस बुडायला आला होता. सगळ्यांची कोरडी लुगडी-धोतरं मांडीवर घेऊन त्या वाळूत बसल्या बसल्या झोपल्या होत्या. मी फळी घेऊन धावत गेले. "आक्का, उठा. तुमची पाळी."

त्यांनी डोळे उघडले. उठायला गेल्या, गुडघ्यावर आल्या आणि परत बसल्या. त्या लाटांकडं बघत होत्या.

"चुकलं गं माजं," त्या म्हणाल्या. "मी मला फळीच्या मान्सांत धरलं. पर मी आता कच्ची. मला पयलं धराय पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, शेजाऱ्यांना एवढ्याच दिवसांचा शब्द दिला होता. पुढच्या माघापर्यंत आक्का राहिल्या नाहीत. कसलं तरी दुखणं होतं, डॉक्टरला शेवटीच कळलं. बरण्या परत फळीवर मांडायचं मी नाही म्हटलं. या घरात मोठ्यानं नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ.

आता मीच थकले आहे. घरात पानं मांडली की मी पुरुषांच्या पहिल्या पंगतीलाच पाटावर बसते. सुनेला सुरुवातीला नवल वाटलं, तिनं विचारलं, "आत्याबाई, आज लवकर?" मी म्हटलं, "व्हय. मी कच्ची हाय. आन् तू बी बस."