शाळेतला वड्यांचा रस्सा

कोरेगावच्या अलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, बनुबाई चौदा वर्षं पोरांचं दुपारचं जेवण शिजवते. एवढ्या वर्षांत तिच्या हाताच्या मिठाला कुणी नाव ठेवलं नाही. पण पोषण आहारात सोयाबीनच्या वड्या आल्या आणि बाईची झोप उडाली. पोरं भात खायची, वरण भुरकायची आणि वड्या तेवढ्या ताटाच्या कडेला काढून ठेवायची. पहिलीतल्या एका दीडशहाण्यानं तर तोंडावर सांगितलं, "मावशी, ह्यो स्पंज हाय."

आता रोज रोज टाकलेलं अन्न उचलताना कुठल्या बाईचा जीव तुटणार नाही? त्यात निम्मी पोरं सकाळी नुसत्या चहा-खारीवर शाळेला आलेली. बनुबाईनं मनाशी गाठ मारली, की या वड्या पोरांच्या पोटात घालीन, नाहीतर नाव लावणार नाही.

महिनाभर तिनं घरीच खटपट केली. नवरा बिचारा सलग नऊ दिवस वड्या खाऊन विटला, पण ब्र काढायची त्याची काय टाप! अखेर तिला मर्म गावलं. वड्या मिठाच्या पाण्यात उकळायच्या, गार पाण्यात टाकून दोन तळव्यांत घट्ट पिळायच्या, आणि हे पिळणं तीनदा करायचं. कच्चट वास त्या पाण्याबरोबर जातो. मग हळद आणि आलं-लसूण लावून मुरू द्यायच्या, तेलात कडा लाल होईतो परतायच्या. वाटण मात्र घरच्यासारखं: भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, तीळ, कोथिंबीर, आणि कांदा-लसूण मसाला पोरांना सोसेल इतकाच.

सोमवारी तिनं तो रस्सा वाढला आणि पोरांनी ताटं चाटून पुसून ठेवली. बनुबाई घरी गेली ती हवेतच. मंगळवारी सकाळी लालासाहेब शाळेच्या दारात उभे.

लालासाहेब म्हणजे रिटायर सुभेदार. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्यालाही थारा नाही, आणि वर शाळेच्या समितीवर. त्यांची नात सृष्टी तिसरीत. तिनं रात्री घरची भाकरी पुढं ढकलली होती आणि शाळेतल्यासारखं मटण पाहिजे म्हणून हट्ट धरला होता.

"बनू, माझ्या नातीच्या ताटात मटण घातलंस?"

"न्हाई आबा. सोयाबीनच्या वड्या हायत त्या."

"मंग समदी पोरं मटण मटण म्हणत्यात, ती काय येडी हायत? असलं काय निघालं, तर तुला या चुलीवर ठिवणार न्हाई मी."

मुख्याध्यापिका भार्गवी बाई जरा भित्र्या स्वभावाच्या. त्या मध्ये पडल्या. "बनुबाई, कशाला वाद वाढवायचा? पहिल्यासारख्या पिवळ्या वरणात टाका ना वड्या."

"मंग पोरं पयल्यासारख्या टाकून देतील, बाई. ते मी न्हाई करायची." मग ती लालासाहेबांकडं वळली. "उद्या परत ह्योच रस्सा करते. तुमी या, पिशवी तुमच्या म्होरं फोडते. पार शेवटापतोर बसा."

बुधवारी लालासाहेब स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले, पहाऱ्यावर बसावं तसे. बनुबाईनं पिशवी फोडली, कोरड्या वड्या त्यांच्या हातात दिल्या. उकळणं, पिळणं, परतणं, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. फोडणीचा वास सुटला तशी त्यांच्या कपाळावरची आठीही जरा सैल झाली. मटण नाही, एवढी त्यांची खात्री पटली होती. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "एवढं मोठं पातेलं शाळंत कवा आलं?"

बनुबाईचा हात थांबला. शाळेच्या पातेल्याचं बूड गेलं होतं. दोनदा सांगूनही नवं मिळालं नाही, म्हणून तिनं गेल्या आठवड्यात तालमीतलं पातेलं आणलं होतं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचं मटण शिजतं ते पातेलं. माळकऱ्याच्या घरात भांड्याचाही विटाळ पाळतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. वड्यांच्या नादात बाई भांडं विसरली. "सरकारातनं आलंय" एवढे दोन शब्द बोलली असती तर विषय मिटला असता.

"शाळंचं न्हाई आबा. तालमीचं हाय. यात्रंला यातच मटण करत्यात. राखंनं घासलंय, दोनदा पाणी उकळून टाकलंय, पर तुमच्या घरचं माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं. ही चूक माझी. मटण मातुर मी घातलं न्हाई."

भार्गवी बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि पोरं ताटं वाजवत रांगेला लागली. सृष्टी सगळ्यांत पुढं. बनुबाईनं डाव भरला, पण ताटात घातला नाही.

"नात तुमची हाय. वाढू का नगं, तुमी सांगा. मला काढायचं तर काढा. पर हाय तवर पोरांचा रस्सा मी पिवळा करायची न्हाई."

लालासाहेबांनी पुढं होऊन पातेल्यात डोकावलं.

"खोटं बोलली असतीस तर मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"व्हय. नसतं कळलं."

"आज हिला नुसता भात वाढ." सृष्टीचं तोंड एवढंसं झालं. बनुबाईनं डाव परत पातेल्यात सोडला. आपली चूल गेली, असंच तिला वाटलं. लालासाहेबांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले, "उद्या कोरं पातेलं आणून देतो. त्यात ह्योच रस्सा कर. पोरगी दोन दिस झालं, घरच्या भाकरीला शिवली न्हाई."

बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं, सृष्टीच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "उद्या भूक ठिवून यी, बाय."