भाऊजींच्या दोन बॅटऱ्या

वीज शोधणारे जगात पुष्कळ होऊन गेले असतील, पण वीज वापरू न देण्यासाठीच जन्माला आलेला माणूस एकच, आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी एक जुनी स्कूलबस घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, छोटा फ्रिज बसवला आणि प्रताप नगरातल्या घरापेक्षा त्या फिरत्या घरातच जास्त राहू लागले. बसला बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची, दुसरी दिव्या-पंख्यांची. "मधलं बटन दाबलं का दोन्ही जुळतात, एकीसंगं दुसरीही उतरते. त्याले हात लावाचा नाही," हे ते पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगतात. फ्रिज उघडण्यापूर्वी काय हवं ते ठरवून यायचं. मोबाइल चार्जिंगला लावला, की सलाईनकडे पाहावं तसे शेजारी उभे राहतात. एकदा ताई दिव्याखाली तांदूळ निवडत होती, तर म्हणाले, "काहून वं, बाहेर ऊन पडून राहिलं ना?" ताई सूप घेऊन बाहेर गेली. "मी माणसाशी लग्न केलं का मीटरशी?" एवढं मात्र ऐकवून गेली.

एप्रिलात त्यांनी आम्हाला रामटेककडच्या एका तळ्याकाठी नेलं. सोबत माझी आई. तिला दमा, त्यामुळे वाफेचं मशीन घेतल्याशिवाय ती धरमपेठेबाहेर पडत नाही. आणि मी पडलो नागपूरकर! कूलरशिवाय दुपारी माझा डोळा लागेल तर शपथ. एक लहानसा कूलर मी चोरून आणलाच होता. जेवणं झाली, सगळे झाडाखाली लवंडले, मी बसमध्ये शिरून कूलर लावला. तासाभरात तो मंदावला, म्हणून ते मधलं बटन दाबलं. काय झोप लागली म्हणून सांगू!

जाग आली ती ताईच्या ओरडण्याने. पलीकडे कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता आणि धूर आईच्या छातीत गेला होता. तिला धरून आत आणलं. श्वास पुरेना. मशीन लावलं, ते बंद. भाऊजींनी बसची किल्ली फिरवली. कट. पुन्हा कट. अरे, काय करून बसलो मी! भाऊजींनी बटनाकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पलंगावरची गादी सारली, खालची फळी उचलली आणि जुन्या शालीत गुंडाळलेली तिसरी बॅटरी बाहेर काढली. तिच्यावर खडूने लिहिलं होतं, 'आई'.

मशीन घुरघुरलं. पंधरा-वीस मिनिटांनी आई म्हणाली, "जावईबापू, आता च्या पाजा मले." मी तोंड फिरवून रडलो, इतकं हायसं वाटलं. त्याच बॅटरीला वायरी जोडून बसही सुरू झाली. दोन्ही बॅटऱ्या उतरल्या कशा, असं ताईने विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "माझाच हात लागला असन बटनाले." कूलर समोर दिसत असूनही ताईने पुढे विचारलं नाही.

"तिसरी आहे हे तुम्ही कधी बोलला नाहीत," मी नंतर भाऊजींना हळूच म्हटलं.

"सांगतली असती त तू दोन कूलर आणले असते."

हल्ली वायर धरताना त्यांचा हात थरथरतो, म्हणून मी धरून देतो. परवा असंच काम चाललं होतं. मान वर न करता म्हणाले, "तिसरी आता तुले माहीत झाली. म्हणून चौथी घेतली. कुठं आहे, ते इचारू नको गा." मी नुसती वायर घट्ट धरून उभा राहिलो.