एक तक्रार दाखवा, मॅम

"एक तक्रार दाखवा, मॅम. एक!" आमचे साहेब हे इतक्यांदा म्हणाले की मला त्या शब्दाचीच ॲलर्जी झाली. साहेब वयाने माझ्याहून लहान, पदाने मोठे. ठाण्याच्या ऑफिसात त्यांची केबिन काचेची, त्यामुळे आत मी कितीही हळू आवाजात चिडले तरी बाहेर सगळ्यांना दिसायचं.

प्रकरण काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल, म्हणजे सगळं यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम असतो आणि त्यात डिस्कशी बोलणारा एक तुकडा, ड्रायव्हर. आमच्या कंपनीच्या डिस्कचा ड्रायव्हर मी सांभाळते. डिस्क रिकामी बसली की झोपते. तिला उठवताना आमचा ड्रायव्हर धड थांबायचाच नाही. ती डोळे चोळतेय तोवर हा लिहून मोकळा! शेवटचं काम गायब, आणि स्क्रीनवर चूक झाल्याचा एक शब्द नाही. इनमीन चार ओळींत मी ते दुरुस्त केलं. नव्या कर्नेलमध्ये दुरुस्ती गेलीसुद्धा. अडलं जुन्यांपाशी. हजारो लोक जुनी, स्थिर आवृत्तीच वापरतात, पण तिच्यात काही मागे नेऊन घालायचं, म्हणजे बॅकपोर्ट करायचं, तर नियम असा की खऱ्या माणसांना खरा त्रास होत असला पाहिजे.

"जुन्याला हात लावला आणि कुणाचं मशीन सुरूच झालं नाही तर?" साहेब विचारायचे. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही, त्याचाच तर जास्त राग यायचा. असं मागे नेलेलं एक प्रकरण पूर्वी आमच्या चांगलंच अंगाशी आलेलं. मी आलेल्या सगळ्या मेल धुंडाळल्या. ह्या बाबतीत कुणी काही म्हणजे काही लिहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कोपरीहून नणंदेचा फोन आला. ती लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करते. पन्नाशीनंतर शिकली, आणि त्यावरच तिचं घर चालतं. मशीन मीच लावून दिलेलं. डिस्क आमचीच, कर्नेल जुना, स्थिर. "काम बंद करतेय गं," ती म्हणाली. "मशीन विकायचंय. कुणाला हवं असेल तर बघ."

मी तडक कोपरीला गेले. आधी म्हणाली डोळे दुखतात, मग म्हणाली वय झालं. शेवटी खरं बाहेर पडलं. "दोन हळदी गेल्या माझ्या हातून. सगळं जोडते, सेव्ह करते, जेवून येते, पुन्हा थोडं काम करून सेव्ह करते. नंतर उघडावं तर शेवटचा भाग नाहीच!"

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो ताई, मी पगार कशाचा घेते? मला एक फोन करता येत नव्हता?"

"तुला काय सांगणार? मीच वेंधळी. आणि बाहेर कळलं तर कोपरीत उद्या लग्नाचं काम कोण देईल मला?"

दुसऱ्या दिवशी मी जवळजवळ नाचतच काचेच्या केबिनीत शिरले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "घरच्यांची तक्रार कशी धरणार, मॅम? त्यांना स्वतः लिहू द्या. नावानिशी, सगळ्यांना दिसेल असं."

"अहो, जी माणसं स्वतःलाच वेंधळं समजतात ती तक्रार करतील का कधी? ती मशीन विकून गप्प बसतात!" बाहेर सगळ्यांच्या माना वळल्या. वळू देत.

संध्याकाळी पुन्हा कोपरी. तिला लिहायला सांगायचं माझ्या मनातच नव्हतं. नाव उघड झालं तर धंदा बसेल, हे मलाही पटत होतं. मी फक्त मशीन विकू नका म्हणायला गेलेले. डिस्क कशी झोपते, ड्रायव्हर कशी घाई करतो, सगळं साध्या मराठीत सांगितलं.

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"काहीच नाही. चूक आमची."

मला वाटलं, आता रडेल. कसलं काय! "मग पहिल्या हळदीच्या नवरीच्या आईच्या पाया पडले मी, ती कशाला? दुसरीचे पैसे परत केले, ते कशाला? आणि रोज स्वतःला शिव्या घालत बसले ते?" माझी बॅग तिने माझ्या पुढ्यात सरकवली. "उघड तुझा लॅपटॉप," ती म्हणाली. "माझं नाव घाल. कोपरी घाल. दोन हळदी गेल्या असं स्पष्ट लिही."

"ताई, ह्या मेल सगळ्यांसाठी उघड्या असतात. सगळी दुनिया वाचेल."

"वाचू दे. माझ्यासारख्या अजून असतील ना कुठे? त्यांनाही कळू दे."

त्या मेलवर साहेबांनी एका शब्दात होकार दिला आणि दुरुस्ती जुन्या कर्नेलमध्ये गेली. पण ते नंतर. त्या संध्याकाळी तिचं मराठी मी इंग्रजीत करत होते आणि ती खुर्चीमागे उभी राहून प्रत्येक ओळीला विचारत होती, "सौम्य तर करत नाहीयेस ना?"