सूरतचे शेठ खैरपाड्यात

चहा घ्या हातात, पण मोठा घोट घेऊ नका. मध्येच हसू आलं तर ठसका लागेल आणि ते पाप माझ्या माथी येईल. गेल्या थंडीत केलेला मूर्खपणाच मला जन्मभर पुरणार आहे.

पन्नाशी उलटलेला माणूस. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेलं. त्याने स्वतःच्या सासुरवाडीत चार दिवस गुजराथी शेठ म्हणून फिरावं? हसताय ना? हसा. खैरपाडा अजून हसतोय.

आधी पळण्याचं सांगतो. सुरेखा, म्हणजे माझी बायको, गेली. त्यानंतर सकाळच्या चहाला दोन कप काढायची सवय काही केल्या जाईना. लेक पुण्याला नोकरीला. घरात दुसरा कप घेणारं कोणी नाही. म्हणून मी सकाळी घरात थांबणंच सोडलं आणि आसनगावच्या रस्त्याला चालायला जाऊ लागलो. तिथे भास्कर आणि प्रमोद भेटले. भास्कर कसाऱ्याला रेल्वेत, प्रमोदचं शहापुरात हार्डवेअरचं दुकान. दोघेही पळणारे.

"मास्तर, वरातीत चालल्यासारखं काय चालताय? पळा की!"

पळायला लागलो. आणि एक शोध लागला बघा. पळणाऱ्याला दम लागतो, आणि दम लागलेल्या माणसाला कोणी 'कसे आहात?' विचारत नाही. केवढी मोठी सोय!

तर एके दिवशी भास्करने एक शर्यत शोधून आणली. एक कसली, चार! तीही चढत्या भाजणीने. गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी एकवीस आणि रविवारी बेचाळीस. म्हणजे पहिल्या दिवशी चहा, दुसऱ्या दिवशी नाश्ता, तिसऱ्या दिवशी जेवण आणि चौथ्या दिवशी अख्खं गावजेवण, तेही एकट्याने संपवायचं.

"रस्ता कुठला?" मी विचारलं.

"मुरबाडच्या बाजूला. झाडी मस्त, गाड्या कमी."

एवढ्यावर मी हो म्हटलं. मुरबाडच्या बाजूला गावं काय कमी आहेत? त्यातलं एकच गाव मला टाळायचं होतं. खैरपाडा. सुरेखाचं माहेर.

का टाळायचं? भांडण होतं का? अजिबात नाही. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणतो, आणि मेहुणा एकनाथ, दोघंही मायेची माणसं. पण त्या घरात मी कधी एकटा गेलोच नव्हतो. लग्न झाल्यापासून सुरेखा पुढे आणि पिशव्या घेऊन मी मागे. ती फाटकातूनच हाक मारायची, "आये, आलो गो!" त्या एका हाकेत माझंही येणं होऊन जायचं. आता मी दारात जाऊन काय म्हणणार? आणि कोण म्हणून? बायको असते तोवर माणूस जावई. ती गेल्यावर तो त्या घरचा कोण लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचा धीर नव्हता.

दिवाळीत एकनाथचा फोन आला होता. "भावजी, येऊन जा की."

मी म्हटलं, "बघतो."

'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. मराठी माणूस एकदा 'बघतो' म्हणाला की पुन्हा त्या दिशेला बघत नाही.

गुरुवारी पहाटे भास्करच्या गाडीतून मैदानावर पोहोचलो. तिथे रस्त्याचा नकाशा टांगलेला. जवळ जाऊन बघतो तर काय! मैदानातून निघायचं, फाट्यावरून आत वळायचं आणि थेट खैरपाड्याच्या मधून परत. ही एक फेरी झाली पाच किलोमीटरची. दहाला दोन फेऱ्या, एकवीसला चार, बेचाळीसला आठ, वरचे एक-दोन किलोमीटर मैदानातच!

"भास्कर, माझ्या पोटात दुखतंय."

"पळायला लागल्यावर दुखतं, मास्तर. आत्तापासून कशाला?"

परत फिरता आलं असतं. नाही फिरलो. खरं सांगायचं तर ते घर दहा महिने डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मनात आलं, नुसतं रस्त्यावरून बघायला मिळालं तर? आणि आपल्याला कोणी ओळखलंच नाही तर?

ओळखणार तरी कसं? एवढ्या दिवसांत दाढी वाढली होती, पोट गेलं होतं. आरशात मलाच कोणी परका दिसायचा. वर टोपी घातली, प्रमोदचा काळा चष्मा लावला आणि गळ्यातलं फडकं नाकापर्यंत ओढलं.

प्रमोद म्हणाला, "मास्तर, शर्यत आहे. दरोडा नाही."

खैरपाडा आला. आईंच्या अंगणापुढे चिंचेखाली गावकऱ्यांनी पाण्याचं टेबल मांडलेलं. बाजूला खुर्चीत आई. वाळल्या होत्या. एकनाथ हातात जग घेऊन उभा. मला वाटलं सरळ निघून जावं, पण पाय ऐकतील तर ना!

"पाणी घ्या, पाव्हणं! कुठून आलात?"

माझ्या तोंडून काय निघावं? "सूरत से."

का सूरत? मला विचारू नका. मी आयुष्यात सूरतला गेलेलो नाही.

"अरे वा! नाव काय, शेठ?"

"जयंतीभाई."

पाणी प्यालो, आईंनी पुढे केलेल्या ताटलीतला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि धूम ठोकली. जाताना एवढंच दिसलं की ओटीवरचा झोपाळा वर आढ्याला बांधून ठेवलाय. सुरेखा आली की तो खाली यायचा. ती त्यावर बसून आईशी बोलायची आणि मी आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायचो. उरलेला रस्ता मी फार जोरात पळालो. भास्कर म्हणाला, "मास्तर, आज काय अंगात आलंय?" मी म्हटलं, "गूळ."

त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो. बघून झालं, कोणी ओळखलं नाही, काम फत्ते!

दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या. मी वळणावर दिसतो न दिसतो तोच बायकांचा ओरडा, "आले गो, सूरतचे शेठ आले!" मी हात हलवला. मोठं कौतुक वाटलं. आपण एवढे लोकप्रिय! दुसऱ्या फेरीला बघतो तर एकनाथच्या शेजारी गावातले दुकानदार हिरजीभाई उभे. हा माणूस अस्सल कच्छचा, पण जन्म सगळा खैरपाड्यात तांदूळ-तेल विकण्यात गेलेला.

"शेठ, हे तुमच्या मुलखातले. बोला, बोला!" एकनाथ म्हणाला.

हिरजीभाईंनी हात जोडले. "केम छो? सूरतमां क्यां रहो छो?"

"मजामां," मी म्हटलं. आणि माझी गुजराथी तिथे संपली.

हिरजीभाई पुढे आणखी काहीतरी लांबलचक बोलले. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय. घाम फुटला. पळून आधीच फुटला होता, त्यावर आणखी एक फुटला. शेवटी मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "डॉक्टरने दौडते समय गुजराती बोलने को मना किया है."

हिरजीभाईंनी गंभीरपणे मान हलवली, दुकानात गेले आणि आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला. मला वाटलं, बिचाऱ्यांना दमा असेल.

शनिवारी चार फेऱ्या. बाकीच्या पळणाऱ्यांना टेबलावर केळी आणि संत्र्याच्या फोडी. मला मात्र आई स्वतः खुर्चीतून उठून काहीतरी देत होत्या. पहिल्या फेरीला गूळ-शेंगदाणे. दुसऱ्या फेरीला तिळाचा लाडू. तिसऱ्या फेरीला केळीच्या पानात गुंडाळलेली तांदळाची गरम भाकरी, आणि आत काय? सुकटीची चटणी!

आता आली का पंचाईत? सूरतचा शेठ, त्याने सुकट खावी का? आणि मी? मला तर वास आल्याबरोबर आमचं स्वयंपाकघर आठवलं. ही चटणी आमच्या घरी सुरेखा करायची, आईंनी शिकवलेली, कोकम ठेचून घातलेली. तिच्यानंतर मी दोनदा करून पाहिली. दोनदा फेकली.

"शेठ, तुमाला चालतं ना?" एकनाथने विचारलं.

"दौड में सब चलता है," मी म्हटलं आणि तिथेच उभा राहून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. चष्मा काळा होता हे फार बरं झालं. आईंनी पान परत घ्यायला हात पुढे केला.

चौथ्या फेरीला खरं तर मला तहान नव्हती. थांबलो तरीही.

भास्कर विचारायचा, "मास्तर, तुम्ही त्या टेबलाशी एवढा वेळ काय करता?" मी म्हणायचो, "पाणी चांगलं आहे."

आणि मग उजाडला रविवार. बेचाळीस. आठ वेळा ते घर! रात्री पाय ठणकत होते, पण सकाळी सगळ्यांत आधी तयार होऊन मी भास्करच्या गाडीपाशी उभा.

पहिल्या चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी चिंचेखाली खुर्ची, खुर्चीत आई, हातात काहीतरी. पाचव्या फेरीला पाय लाकडाचे झाले होते. फाटा वळलो. चिंच दिसली. खुर्ची दिसली.

खुर्ची रिकामी.

थांबलो. टेबलाशी एकनाथ, दोन-चार बायका, हिरजीभाई. आई नाहीत. ऊन वाढलं होतं. वय ऐंशीकडे झुकलेलं. चार दिवस पळणाऱ्या माणसांसाठी रस्त्यावर बसल्या होत्या. दहा महिन्यांपूर्वीही मी एक रिकामी खाट अशीच बघितली होती. हॉस्पिटलात.

"एकनाथ! आई कुठे आहेत? काय झालं त्यांना? बोल ना!"

एकनाथने जग खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "शेठ, सूरतचं मराठी लय चांगलं हाय हो."

आणि अख्खी चिंच हसली! बायका पदर तोंडाला लावून खाली बसल्या. हिरजीभाई टेबल धरून उभे, डोळ्यांतून पाणी, आणि स्वच्छ मराठीत म्हणतात, "जावईबापू, डॉक्टरने मराठीला परवानगी दिली का?"

एवढ्यात आई ओटीवर आल्या. हाताला पीठ. "काय झालं ओरडायला? चुलीपाशी व्हते मी."

मी चष्मा काढला. दुसरं काय करणार?

"तुम्ही... तुम्ही ओळखलं होतं? कधी?"

"गुरुवारीच की," आई म्हणाल्या. "टेबलावर एवढे पेले मांडलेले. ते सोडून सूरतचे शेठ सरळ ओटीवर चढले, कोनाड्यातला तांब्या काढला, माठातलं पाणी घेतलं, प्याले, नि तांब्या पालथा घालून जाग्यावर ठेवला."

मला आठवेना. शपथेवर सांगतो, आठवेना! डोकं सूरतला गेलं होतं, पाय आपल्या घरी गेले असणार.

"मग हिरजीभाई?"

"त्यांना मीच बोलावलं," एकनाथ म्हणाला. "म्हटलं, बघू भावजी कुठवर टिकतात."

"अरे, मग बोलायचं ना! चार दिवस माझा तमाशा..."

एकनाथचं हसू थांबलं. त्याने आईंकडे बघितलं.

"बोललो असतो तर शुक्रवारी आला असतात?" आई म्हणाल्या.

मी हातातला चष्मा उगाच पुसायला लागलो.

"दिवाळीला वाट बघितली. संक्रांतीला बघितली. मग गुरुवारी एकदा आलात. शुक्रवारी दोनदा. काल चारदा. हा बोलत व्हता, आये, आता सांगून टाकू. मी बोलली, गप रे. वाढतंय तर वाढू दे."

रस्त्यावरून भास्कर आला, माझ्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं आणि काही न विचारता पुढे पळून गेला. चांगला मित्र आहे.

"चला आत. हातपाय धुवा," आई म्हणाल्या.

पायरीशी माझे पाय अडले. "आई, मी एकटाच..."

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. "पान पण एकच वाढलंय."

तीन फेऱ्या उरल्या होत्या. उरू देत. मी बूट काढले आणि आत गेलो. पाटावर बसलो. भाकरी, वालाची आमटी, सुकट, भात. आई समोर बसून वाढत होत्या आणि मध्येच, सहज, सुरेखाचं नाव घेत होत्या. "सुरेखाला ही आमटी पातळ लागायची." "हो," मी म्हणायचो. "मला दाट लागायची, म्हणून ती मधली करायची." दहा महिन्यांत तिचं नाव कोणी माझ्यासमोर इतकं साधं घेतलं नव्हतं. मी तीन वेळा भात मागून घेतला.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी उठायला गेलो.

चार दिवस पळून, मग दोन तास मांडी घालून बसलात कधी? बसू नका! गुडघे जागचे हलेनात. पोटऱ्यांना गोळे आले. एकनाथने एक बगल धरली, तेवढ्यात भास्कर आणि प्रमोद गळ्यात पदकं घालून आले, त्यांनी दुसरी धरली. पदकवाले दोघे आणि मेहुणा, तिघे मिळून एका जावयाला पाटावरून उपटतायत, आणि जावई ओरडतोय, "सोडा, सोडा, आई गं!" शेवटी तिथेच सतरंजी अंथरली आणि मला आडवा केला. भास्कर माझी पिशवी ठेवून निघून गेला. शाळेला रजा कळवावी लागली. एक नाही, तीन दिवसांची.

आणि ओटीवर आई फोनवर, शहापूरच्या बहिणीशी, अख्ख्या खैरपाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात:

"हो गो, आलेत जावई! राग? छ्या, राग कसला! दहा महिने येता येत नव्हते, नि आता बघ, उचलून पण जात नायत!"